पिकअपचा कॅम्पर करताय? गोव्याच्या पावसाने मला दाखवलेल्या चुका, या टाळा

माझी गाडी म्हणजे खाणीवर चाललेली डबल केबिन फोर बाय फोर पिकअप. २०१८ मध्ये खाणी परत बंद पडल्या तेव्हा आमच्या डिचोली-साखळी भागात अशा गाड्या घरासमोर ताडपत्री टाकून उभ्या असायच्या, त्यातलीच एक मी नंतर स्वस्तात उचलली. डोक्यात साधा हिशोब होता, मागचा हौदा काढायचा, तिथं पेटी बसवायची, दोघांची झोपायची सोय, चहा-मॅगीपुरता ओटा, झालं. दीड वर्ष शनिवार-रविवार खपलो, आणि पहिल्या पावसाळ्यातच अर्धं काम परत उसवायला लागलं. आता ओळखीतलं कोणी ना कोणी दर महिन्याला विचारतं, इसुझूची व्ही-क्रॉस घेऊ का, बोलेरो कॅम्पर फोर व्हील ड्राइव्ह घेऊ का (नावातच कॅम्पर आहे, पण त्यात आजपर्यंत झोपलाय तो फक्त ड्रायव्हर, दुपारी जेवल्यावर), मी म्हणतो कुठलीही घे, पण आधी गाडीच्या खाली जाऊन बघ. सगळे आतून सुरुवात करतात, गादीचा रंग, पिवळे लाइट, आणि गाडी मार खाते खालून आणि वरून.

खाणीवरची गाडी असेल तर हे डबल लागू. मातीची लाल भुकटी चासीच्या पोकळीत जाऊन बसलेली असते, ती पाणी धरून ठेवते आणि लोखंड आतून खाते. वरून मस्त काळा रंग मारलेला असतो. हातोडी घ्या आणि चासी टकटक वाजवत जा, जिथं आवाज खणखणीत न येता बद्द येतो तिथं थांबा. मी वाजवलं नव्हतं.

पेटी चासीला घट्ट आवळली

ही माझी सगळ्यात महाग चूक. पिकअपची चासी शिडीसारखी असते आणि ती पिळवटते, तशीच बनवलेली असते, म्हणून तर खड्ड्यात चारही चाकं जमिनीला धरतात. त्यावर आपण चौकोनी ट्यूबची वेल्डिंग केलेली ताठ पेटी आठ बोल्टांनी आवळतो. मग दोघांपैकी एकाला फाटावंच लागतं.

घरी करून बघा. अंगणातला जांभ्या दगडाचा एक चिरा मागच्या डाव्या चाकाखाली आणि एक पुढच्या उजव्या चाकाखाली सरकवा, गाडी हळूच वर घ्या, आणि केबिन आणि हौद्याच्या मधली फट बघा. एका बाजूला वर बोट जातं, दुसऱ्या बाजूला जात नाही. हे अंगणात, दोन चिऱ्यांवर. आता सत्तरी तालुक्यात पावसाने धुतलेल्या रस्त्यावर काय होत असेल विचार करा. माझ्या पेटीच्या पुढच्या कोपऱ्यातले वेल्ड आधी केसासारखे तडकले, मी त्यावर गम फासला, मग दरवाजा अडकायला लागला, मग पाणी. वेल्डरने बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, गाडी वळवळते, तुझी पेटी नाय वळवळत, मग फाटणारच ना." हेच त्याला आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा मी त्याला फक्त मापं लिहिलेला कागद दिला होता.

उपाय म्हणजे मध्ये एक सब-फ्रेम, एका टोकाला घट्ट, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगवाले लांब बोल्ट, म्हणजे चासी पिळली की सब-फ्रेम त्या टोकाला थोडी उचलली जाते आणि पेटी सरळ राहते. तीन पॉइंटवर बसवायचीही पद्धत आहे, त्यात एका बाजूला मधोमध एकच फिरता सांधा असतो, पण तो नीट बनवणारा लेथवाला मिळायला पाहिजे. चासीवर थेट वेल्डिंग करू नका, तिथं लोखंड तापून कमजोर पडतं, कंपनीने दिलेली भोकं वापरा. आणि गाडीवर कुठंही वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी काढा, नाहीतर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नाहीतर अल्टरनेटर जायचा.

दरवाजा अचानक अडकायला लागला तर रंधा मारू नका. आधी गाडी सपाट जागेवर लावून बघा. सपाट जागेवर नीट लागतो आणि वाकड्या जागेवर अडकतो, म्हणजे पेटी पिळतेय. दोन्हीकडे अडकतो, म्हणजे प्लाय फुगलाय.

वजन डोळ्यांनी मोजलं

आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं वजन दोन्ही असतात, त्यातला फरक म्हणजे तुमचं बजेट, त्यात पेटी, सामान, पाणी, तुम्ही आणि तुमची बायको सगळं आलं. मी सुताराला म्हटलं मजबूत पाहिजे, त्याने १८ एमएम प्लाय लावला. आठ बाय चारचं १८ एमएमचं एक शीट साधारण ३३-३५ किलो, माझी नऊ लागली, म्हणजे तीनशे किलो फक्त प्लाय. शंभर लिटर पाणी, शंभर किलो. इन्व्हर्टरच्या दोन मोठ्या ट्युब्युलर बॅटऱ्या, अजून शंभरच्या वर. पाचशे किलो झाले, आणि अजून गादी नाही, गॅस नाही, माणूस नाही.

आमच्याकडे खाणींमुळे वजनकाट्यांची कमी नाही, तिथं जायला लाजू नका. तीनदा जा, हौदा काढल्यावर, सांगाडा उभा राहिल्यावर आणि पूर्ण भरून. आणि नुसती पूर्ण गाडी नाही, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग फक्त मागची, म्हणजे कुठल्या एक्सलवर किती ते कळतं. माझं सगळं मागे होतं, चोर्ला घाटाच्या वळणांवर स्टिअरिंग इतकं हलकं लागत होतं की मला वाटलं पॉवर स्टिअरिंग सुधारलं.

आता बेड १२ एमएमचा, खाली पट्ट्या, कपाटांना दारांऐवजी जाळीचं कापड. पाण्याचा टँक एक्सलच्या थोडा पुढे, तळाला. टपावर जेरीकॅन, स्पेअर टायर, पावडा, कुदळ असलं रॅक दिसायला भारी असतं, पण फोर बाय फोर गाडी आधीच उंच, वर अजून शंभर किलो टाकले की बांधावरून उतरताना पोटात गोळा येतो.

आणि मागे किती लोंबतंय ते बघा. डबल केबिनचा हौदा झोपायला आखूड पडतो म्हणून आपण पेटी मागे वाढवतो, मी पण वाढवली, आणि खाली सांडपाण्याचा टँक लटकवला. भावाच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, उतरताना तो टँक एका दगडावर असा बसला की साबणाचं पाणी पाटात. भाऊ काही बोलला नाही, फक्त पाटाकडे बघत राहिला. मागचा ओव्हरहँग (मागच्या एक्सलच्या मागे लोंबणारा भाग) व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) ६० टक्क्यांवर जायला नको हा नियम आहेच, पण दगडाला नियम माहीत नसतो. झोपायला लांबी पाहिजे असेल तर केबिनच्या वर बेड घ्या, नाहीतर सिंगल केबिन गाडी शोधा. आणि ऑर्डर देण्याआधी जमिनीवर खडूने माप काढून त्यात खरंच आडवे पडा, दोघंही.

पाणी

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आपण सगळे कॅम्पर बांधतो डिसेंबर ते मे. त्या दिवसांत कुठलीही पेटी गळत नाही.

मी सगळीकडे साधं सिलिकॉन मारलं होतं. पहिल्या जूनपर्यंत ते कडेकडेने सुटलं, आणि मग कळलं की सिलिकॉन जिथं एकदा लागलं तिथं नंतर दुसरं काही नीट चिकटत नाही, रंगपण धरत नाही, सगळं खरवडून काढावं लागतं. पेटी हलते, तापते, आकसते, तिथं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट पाहिजे, सिकाफ्लेक्ससारखं. टपावर स्क्रू मारूच नका शक्यतो, आणि टप सपाट ठेवू नका, दोन बोटं उतार द्या, नाहीतर डबकं साचतं आणि ते डबकं आत यायची वाट शोधत बसतं. खिडकीच्या वर एक छोटी पन्हळ लावा, दोनशे रुपयांचं काम.

आतलं पॅनेलिंग करायच्या आधी गळती शोधा. आतून दरवाजा-खिडक्या बंद करून एका फटीतून ब्लोअरने हवा भरायची, दुसऱ्याने बाहेरून साबणाचं पाणी मारायचं, जिथं फुगे येतात तिथं भोक. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात तसंच. पाणी आत जिथं टपकतं तिथूनच ते आत आलंय असं नसतं हे लक्षात ठेवा, माझं पाणी पुढच्या डाव्या कोपऱ्यातून शिरायचं आणि ट्यूबवरून चालत जाऊन मागच्या उजव्या उशीवर पडायचं, मी दोन महिने मागची खिडकी सील करत होतो.

आणि गळती थांबली तरी आतून ओल येते. दोन माणसं रात्रभर श्वास घेतात, अर्धा लिटर पाणी सहज हवेत जातं, बाहेर पावसाने थंड झालेला पत्रा, त्यावर ते परत पाणी होतं. लोक पत्र्याला एक्सएलपीई फोमच्या शीट चिकटवतात आणि लोखंडी ट्यूब उघड्या सोडतात, मग बरोबर त्या ट्यूबांवर थेंब धरतात, सांगाड्याचा एक्स-रे काढल्यासारखे. ट्यूबपण झाकायच्या. ग्लासवुल, नारळाचा काथ्या असलं पाणी पिणारं काही भरू नका, बंद पेशीचा फोमच घ्या, एक्सएलपीई नाहीतर नायट्राइल. गादी सरळ फळीवर नको, खाली पट्ट्या ठेवा, मी गादी ऑगस्टमध्ये उचलली तेव्हा खाली बुरशीचा हिरवा नकाशा होता. एक व्हेंट खाली एक वर, समोरासमोरच्या कोपऱ्यात, दोन्हींना डासांची जाळी. जाळी विसरलात तर कॅम्पर पाऊस नसताना पण वापरता येणार नाही.

प्लाय घेताना दुकानदार वॉटरप्रूफ म्हणेल, त्यावर आयएस ७१० छापलंय का बघा, आणि कापलेल्या कडांना रंग नाहीतर इपॉक्सी लावाच, पाणी कडेतूनच शिरतं.

गंजाचं एक राहिलं. लोखंडी सांगाडा, वर अल्युमिनियमचा पत्रा, मध्ये काही नाही, आणि गाडी समुद्राच्या वाऱ्यात. खारं पाणी मध्ये आलं की दोन वेगळे धातू मिळून छोटी बॅटरीच होते, आणि अल्युमिनियम खाल्लं जातं, रिव्हेटच्या भोवती पांढरी पूड दिसायला लागते. मध्ये सीलंटची किंवा टेपची पट्टी टाका, लोखंडाला झिंक प्रायमर, आणि ट्यूबच्या खालच्या टोकाला ६ एमएमचं भोक, आत गेलेलं पाणी निघून जायला.

रात्री फ्रिज बंद पडतो

हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. बॅटरी १२.५ दाखवते, फ्रिज लो व्होल्टेज म्हणून बंद. मीटर बॅटरीवर लावू नका, फ्रिजच्या प्लगवर लावा, आणि कॉम्प्रेसर चालू होताना बघा. माझी वायर घरातल्या लाइटची होती, १ स्क्वेअर एमएम. अंतर पाच मीटर, जाऊन-येऊन दहा, ८ अँपिअर ओढले की साधारण १.४ व्होल्ट वायरीतच गेले, फ्रिजला मिळाले ११.१. सहा स्क्वेअर एमएम टाकली, नुकसान पाव व्होल्टच्या आत आलं. अर्थिंग चासीला देऊ नका, तो बोल्ट गंजतो, दुसरी वायर परत बॅटरीपर्यंत न्या. प्रत्येक लाइनला फ्यूज, आणि मेन फ्यूज बॅटरीच्या वीतभर अंतरात, फ्रिजच्या टोकाला नाही, आग वायरीला लागते.

लिथियम टाकलीत तर अल्टरनेटरला सरळ जोडू नका, ती एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापतो, मध्ये डीसी-डीसी चार्जर पाहिजे. १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास वीज, त्यावर २००० वॉटची इंडक्शन शेगडी चालवायची स्वप्नं बघू नका. सोलर ठीक आहे, पण आपण गाडी लावतो आंब्याखाली, सावलीसाठीच, मग पॅनेल काय करणार.

गॅस

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. म्हणून सिलिंडरची पेटी आतून बंद आणि तळाला बाहेर उघडणारं भोक, ते चिखलाने बुजत नाही ना हे बघत राहायचं. ५ किलोचा छोटा पुरतो. पाऊस आहे म्हणून सगळं बंद करून आत शेगडी पेटवायची नाही, ओले कपडे वाळवायला तर अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, अलार्म लावा.

बाहेर शिजवायचं तर गोव्यात पर्यटन स्थळी उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीत तो एकट्याला २००० आणि ग्रुपला १०,००० रुपये होता. किनाऱ्यावर गाडी घालणं हाही गुन्हाच. फोर बाय फोर आहे म्हणून वाळूत उतरायची हौस इथं नको, आणि डांबरावर फोर हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद जोडून, फिरवूही नका, पार्ट टाइम सिस्टीममध्ये शाफ्ट आणि गिअर आवळून बसतात, वळताना गाडी अडखळते. तसं झालं तर सरळ थोडं रिव्हर्स घ्या, सुटतं.

कागद शेवटी बघू म्हणालो

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्हींचा अर्थ एकच, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी मनाला येईल तशी बदलता येत नाही. मोटर कॅराव्हॅन म्हणून वेगळा प्रकार आहे, त्याचं स्टँडर्ड एआयएस-१२४. पहिलं शीट कापायच्या आधी ड्रॉइंग घेऊन आरटीओत जा, इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा, नाहीतर अपघात झाला की क्लेम अडकतो. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी, आणि चालत्या गाडीत मागे कोणी बसायचं नाही, पोरं कितीही रडली तरी.

मी आरटीओत गेलो तेव्हा पेटी बसवून झाली होती. तिथल्या माणसाने गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "वजन किती झालं?" काट्याची पावती माझ्याकडे नव्हती.