एअरबॅग उघडल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

धडकेनंतर चालक गाडीबाहेर उभा राहून फोनवर बोलतोय, म्हणजे त्याला काही झालेलं नाही, असं ठरवून टाकणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. एअरबॅग डोकं आणि छाती सांभाळते, पोट नाही. पट्टा न लावलेला किंवा नुसता खांद्यावरून घेतलेला चालक पुढे सरकतो आणि स्टिअरिंगची खालची कड यकृतावर, प्लीहेवर बसते. चेहऱ्यावर ओरखडाही नसतो, माणूस नीट बोलतो, आणि आत रक्त साचत असतं. 1990 च्या दशकात मायामीच्या विल्यम लेहमन इंज्युरी रिसर्च सेंटरला असे रुग्ण आढळले: अपघातस्थळी ठीक दिसलेले, नंतर यकृत फाटल्याचं निघालेले. अमेरिकेत बचाव पथकांना 'उचला आणि पाहा' असं शिकवलं जातं ते याचसाठी. लोंबणारी पिशवी उचलायची आणि स्टिअरिंग वाकलंय का ते बघायचं. वाकलं असेल तर पोटाला मार आहे असंच धरून चालायचं. मोबाइलवर फोटो काढा आणि 108 च्या डॉक्टरांना दाखवा. रुग्णालयात गाडी कोणालाच दिसणार नसते.

रक्तदाब चांगला आहे म्हणून घरी सोडणंही तितकंच चुकीचं. तरुणाचा वरचा रक्तदाब 30 टक्के रक्त जाईपर्यंत टिकू शकतो. नाडी आधी वाढते. पहिली सोनोग्राफी स्वच्छ आली तरी आतड्याची इजा नजरेतून सुटते. पोटावर पट्ट्याचा वळ असेल किंवा मार नसताना डावा खांदा दुखत असेल (हे प्लीहेचं दुखणं असू शकतं), तर सीटी करा आणि रुग्णाला देखरेखीखाली ठेवा. रुग्णाला घरी जायची घाई असते हे समजतं, पण डॉक्टरांनी त्या घाईला मान देऊ नये.

एअरबॅगमधून उडालेली धूळ डोळ्यांत गेली म्हणून थेंब टाकून मोकळं होऊ नका. त्या पावडरीत अल्कली असते आणि ती आत जाळत जाते. पापणी उलटून सलाइनने किमान अर्धा तास धुवा. डोळ्यातल्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) 7 ते 7.4 वर आला की थोडं थांबून पुन्हा मोजा. बाहुली वेडीवाकडी दिसली तर डोळा फाटलेला असू शकतो, त्यावर दाब अजिबात नको.

गळ्यावर खोल जखम दिसली तर धातूचा तुकडा शोधा. 2014 मध्ये ऑर्लँडोत अशी जखम पोलिसांना आधी चाकूहल्ल्याची वाटली होती. ती झाली होती तकाता कंपनीच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर (पिशवीत गॅस भरणारा धातूचा डबा) फुटून. त्यातलं अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं बिघडत जातं. कोकणात किंवा मुंबईत जुनी गाडी असेल तर चासी नंबर टाकून रिकॉल (कंपनीने सदोष भाग बदलायला गाडी परत बोलावली आहे का) तपासाच.

अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय आणि एक्स-रे नॉर्मल आहे? पहिल्या एक्स-रेत न दिसणारं फ्रॅक्चर असू शकतं. प्लास्टर घाला, 10 ते 14 दिवसांनी एक्स-रे पुन्हा काढा.

कान वाजत राहिले तर श्रवणचाचणी.

मान दुखत असताना काही तासांनी किंवा दिवसांनी बोलणं अडखळलं, एक पापणी खाली आली, तर मानेच्या रक्तवाहिनीला चीर गेली असू शकते. त्याच वेळी सीटी अँजिओग्राफी हवी, सकाळची वाट बघू नका.