गोऱ्या साहेबांच्या परदेशातल्या संसाराची कादंबरी हातात पडली तर कशी वाचायची

बेंगळुरूहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेळगावला येताना असली एक कादंबरी वाचली, म्हणजे हुबळीपर्यंत बरी वाटत होती आणि लोंढ्याला चहा घेताना कळलं की हिच्यात काय दम नाही. विषय झकास होता की, आशियातल्या शहरात नोकरीला आलेलं गोरं जोडपं, क्लब, दारू, मोडत आलेला संसार. पैसे तर गेलेत, पण तुमच्या हातात असलं काय पडलं तर असं वाचा.

आधी पेन्सिल घ्या आणि मोलकरीण शोधा, नवराबायको नंतर बघूया. तिला नाव आहे काय, घर आहे काय, 'येस मॅडम' सोडून ती कधी काय बोलते काय? माझ्या पुस्तकात बाईसाहेबांचं लफडं सगळ्यात आधी तिलाच कळतं (चादरी तीच बदलते की!) आणि लेखकानं तिला त्यावर एक वाक्य दिलेलं नाही. तिथंच मी समासात फुली मारली.

मग उकाडा, वास, गर्दी हे शब्द कुठं येतात बघा. माझ्या पुस्तकात प्रत्येक भांडणाच्या आधी उकाडा. म्हणजे लफडी ह्यांनी करायची आणि दोष आमच्या हवेला!

पण एक सांभाळा, पात्र उद्धट असणं वेगळं आणि पुस्तकच उद्धट असणं वेगळं. इंग्रज लेखक फॉर्स्टरची 'अ पॅसेज टू इंडिया' ही कादंबरी 1924 ची, त्याच साली आपल्या बेळगावच्या टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली होती, तर त्या कादंबरीतल्या क्लबात भारतीय माणसाला पाहुणा म्हणूनसुद्धा घेत नाहीत, पण लेखक त्या क्लबवाल्यांचीच खरडपट्टी काढतो. आमच्या ह्या लेखकाला मात्र क्लब आवडलाय, खुर्च्यांचं वर्णन दीड पान.

अजून एक, अदलाबदल करून बघा. खानापूरचा पोरगा मस्कतला गेला तर कामगार, आणि हा गोरा साहेब इकडं नोकरीला आला की 'एक्सपॅट', म्हणजे परदेशात राहणारा साहेब. बंगला कंपनीचा, ड्रायव्हर कंपनीचा, तरी ह्याचं रडगाणं चालूच, तिथं आपला पोरगा ठेवून एक प्रकरण वाचा, हसू येतंय.

शेवटची 40 पानं सोडली तरी चालतंय. मी नाही सोडली. विमानतळावर मोलकरीण निरोप द्यायला येते, ढसाढसा रडते, आणि नाव तेव्हापण नाही.