दिवाळीच्या भरल्या घरात सर्दी-फ्लू शिरल्यास काय करावे

वसुबारसेला एकाचे नाक वाहू लागते आणि भाऊबीजेपर्यंत निम्मे घर अंथरुणाला खिळते, हे मी इतक्या दिवाळ्यांत पाहिले आहे की ‘हवा बदलली, दुसरे काय’ हे वाक्य आता ऐकवत नाही. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत लक्षणे दिसतात, आणि ती दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो माणूस इतरांना आजार देऊ लागतो. म्हणजे दोष असलाच तर बंद खिडक्यांच्या भरल्या घराचा.

साठीपुढची माणसे, गरोदर स्त्रिया आणि दमा वा मधुमेह असलेले यांना फ्लूची लस दसऱ्याच्या सुमारास द्यावी, कारण तिचा परिणाम होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, फटाक्यांचा धूर दाटला असेल तेवढ्या वेळापुरत्याच लावाव्यात. फराळाच्या डब्यांत पहिल्या दिवसापासून चमचे ठेवावेत, कारण चिवड्यात हात घालणाऱ्यांपैकी उद्या कोण शिंकणार आहे हे आज कोणालाच ठाऊक नसते. आजारी माणसाची खोली आणि पंचा वेगळा ठेवावा. तापात पहाटेच्या अभ्यंगस्नानाचा आग्रह धरू नये.

औषधांच्या बाबतीत मात्र मी स्वतः चुकलो आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. काही वर्षांपूर्वी वडिलांना ताप आला, तेव्हा मी त्यांना पॅरासिटामॉलची ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा देत होतो. नाक चोंदले म्हणून औषधांच्या दुकानातून ‘सर्दीची गोळी’ आणली आणि तीही तीन वेळा दिली. रात्री ते बाथरूमकडे जाताना झोकांडी जाऊन दाराला टेकले, तेव्हा मी चष्मा लावून त्या पाकिटामागची बारीक अक्षरे प्रथमच वाचली. त्या प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होतेच. तापाच्या गोळ्यांचे २६०० आणि सर्दीच्या गोळ्यांचे १५०० मिळून ४१०० मिलिग्रॅम झाले होते. प्रौढ माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅमची, आणि वृद्ध, कृश किंवा यकृताचा त्रास असलेल्यांसाठी डॉक्टर ती आणखी खाली ठेवतात. शिवाय गोळीत झोप आणणारे क्लोरफेनिरामिन होते, ज्यामुळे प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडू शकते, आणि रक्तदाब वाढवू शकणारे फेनिलेफ्रिनही होते.

तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम आहे: पाकिटामागची घटकद्रव्ये मोठ्याने वाचल्याशिवाय कोणालाही गोळी द्यायची नाही. फ्रिजवर एक कागद चिकटवावा आणि त्यावर नाव, औषध, मिलिग्रॅम व वेळ लिहावी. आजी एकदा आणि आत्या एकदा असा एकाच नातवाला दोनदा डोस जाण्याचा प्रकार त्यानेच थांबतो. मुलांचे पॅरासिटामॉल वजनावरून, दर किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने आणि दोन डोसांत चार ते सहा तासांचे अंतर राखून देतात, पण बाटल्या सारख्या नसतात. कोणत्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असते, कोणत्यात २५०. म्हणून ‘एक चमचा दे’ हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. बाटलीसोबतचे मापच वापरावे. चार वर्षांखालील मुलांना सर्दीची मिश्र औषधे देऊच नयेत.

आणखी एक गोष्ट म्हणजे पावसाळ्यानंतरचे हे दिवस आपल्याकडे डेंग्यूचेही असतात. नाक वाहत नाही, पण ताप चढलेला आहे आणि डोळ्यांमागे ठणकते आहे, अशा वेळी आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल घ्यावे आणि रक्ततपासणी करून घ्यावी. मुलांना तर ॲस्पिरिन एरवीही देऊ नये.

बाकीचे सोपे आहे. पेज, सार, कोमट पाणी आणि झोप. खोकल्याला मध चालतो, मात्र वर्षाखालील बाळाला नाही. वाफेचे पातेले मुलांपुढे ठेवू नये, उलटले तर भाजते. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक काढून घेऊ नये, ती विषाणूवर चालत नाही.

वृद्धांना, गरोदर स्त्रियांना किंवा दम्याच्या रुग्णांना फ्लूसारखा ताप आल्यास पाडव्याची गडबड उरकण्याची वाट पाहू नये, कारण ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, असंबद्ध बोलणे किंवा बाळाने दूधपाणी सोडणे, यांपैकी काहीही दिसल्यास तडक रुग्णालय गाठावे. ताप तीन दिवसांहून अधिक राहिला, किंवा उतरून पुन्हा चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि निघताना फ्रिजवरचा तो कागद सोबत घ्यावा, कारण कोणते औषध किती वाजता दिले हे ते सर्वांत आधी विचारतात.