रोजमेरीच्या काड्या आणि हिवाळ्यातलं पाणी

सीतादही (कापूस वेचणीआधीची वावरातली पूजा) होऊन कापसाचा पहिला वेचा घरात आला, की रोजमेरीच्या काड्या लावायची वेळ झाली असं समजा. दिवाळीपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत ऊन बेताचं असतं, रात्री गार होतात आणि पावसाळी दमटपणा ओसरलेला असतो. मूळ फुटायला याहून चांगले दिवस विदर्भात मिळणं अवघड. डिसेंबरच्या ऐन थंडीत लावलेली काडी महिनाभर हिरवी दिसते, पण मूळ धरत नाही. नोव्हेंबर हुकला तर जानेवारी सरेपर्यंत थांबलेलं बरं.

हे झाड मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ उतारांवरचं. आपल्या देशात ते निलगिरीच्या डोंगरात लावतात. थंडीची त्याला ओळख आहे. सोसत नाही तो आपल्या काळ्या मातीचा चिखल आणि मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन. केसांच्या तेलामुळे सध्या रोजमेरीचं नाव गाजतंय, पण पाला कोण घेणार हे ठरल्याशिवाय वावर अडकवू नका. विहिरीजवळ दहा-वीस झाडं एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढू द्या, मग एकराच्या गोष्टी करू.

काडी निवडताना फूल नसलेला शेंडा घ्या. वरून लवचीक आणि बुडाशी किंचित कडक झालेली, १० ते १२ सेंटिमीटरची काडी उत्तम. धारदार पात्यानं पेराच्या खाली कापा आणि खालचा अर्धा भाग पानं काढून मोकळा करा. मूळ फुटण्याची पावडर असेल तर बुडाला चिमूटभर लावा, नसेल तरी काडी लागते, फक्त दिवस थोडे जास्त घेते. पिशवीत दोन भाग जाड वाळू आणि एक भाग कोकोपीट भरा. वावरातली माती यात घालू नका. ती कितीही कसदार असली तरी पाणी धरून बसते आणि काडी बुडापासून काळी पडते.

मुळं फुटायला चार ते आठ आठवडे लागतात. तोवर पिशव्या सावलीच्या उजेडात ठेवा. काडीवर बूड कापलेली प्लास्टिकची बाटली पालथी घातली तर पानं सुकत नाहीत. झाकण मात्र उघडं ठेवा. आमच्याकडे पहिल्या वर्षी घरातल्या लेकरांनी मूळ आलं का ते पाहायला रोज काड्या उपटल्या, आणि मीही त्यांना सामील होतो. तीसपैकी सहा जगल्या. महिनाभर हात लावू नका. नंतर हलकंसं ओढून पाहा. काडी अडली की मूळ आलं.

आता पाण्याचं. थंडीची लाट आली की संत्र्याला, केळीला, भाजीपाल्याला रात्रीचं हलकं पाणी द्यायचं आणि धुऱ्यावर धूर करायचा, ही आपली सवय. त्या पिकांसाठी ती बरोबर आहे. रोजमेरीच्या कोवळ्या रोपाला मात्र हेच पाणी मारतं. थंडीत वाढ मंदावते, रोप पाणी ओढत नाही, पिशवीतली वाळू दिवसेंदिवस ओलीच राहते आणि मुळं कुजतात. फसवणूक अशी, की कुजलेल्या मुळांचं रोप तहानलेल्या रोपासारखंच दिसतं: शेंडे माना टाकतात, पानांची टोकं तपकिरी होतात. माणूस हळहळतो आणि आणखी एक तांब्या ओततो. म्हणून पानं पाहून पाणी देऊ नका. पिशवी उचलून पाहा, बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी ऊन आल्यावर. अशा हिशेबानं डिसेंबरात आठवड्यातून एकदा पाणी पुष्कळ होतं. खारपाणपट्ट्यातल्या मंडळींनी बोअरचं खारं पाणी टाळून कोवळ्या रोपांपुरतं गोडं पाणी बाजूला ठेवावं.

थंडीची काळजी अजिबात नको असं नाही. २०१८च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि चिखलदऱ्याकडे तर गारठा नेहमीचाच. मोठं झाड यात तग धरतं, दीड महिन्याचं रोप दचकतं. पिशव्या उघड्या वावरात न ठेवता कोठ्याच्या (गोठ्याच्या) दक्षिणेकडच्या भिंतीशी, विटांवर ठेवा. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. पारा ८ अंशांखाली जायचा अंदाज असेल तर पऱ्हाटी-तुराटीचा (कापूस-तुरीच्या वाळक्या काड्यांचा) छोटा मांडव करून संध्याकाळी वर गोणपाट टाका आणि ऊन चढलं की काढा. प्लास्टिक पानांना टेकू देऊ नका, आतून घाम धरतो आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते. बुडाशी कुटारही (भुसा) पसरू नका, ओल राहते. त्याजागी चाळलेल्या मुरमाचा बोटभर थर द्या. युरियाचा मोह टाळा, त्यानं आलेली लुसलुशीत वाढ पहिल्या गारठ्यात काळवंडते. भुरी दिसलीच तर पानं खुडून रोपं लांब लांब मांडा; हा पाला स्वयंपाकात जायचा आहे, फवारणीची घाई नको.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे बगलफुटवे येतात. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हे रोप फूटभर उंचीच्या गादीवाफ्यात, माती आणि मुरूम निम्मे-निम्मे करून, दोन-दोन फुटांवर लावा. जागा अशी हवी, की सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारनंतर सावली पडेल. याच दिवसांत अवकाळी आणि गारपीट येते, त्यामुळे हिरवी नेट आणि चार खांब आधीच आणून ठेवा. गारांना अडवलेली तीच नेट मार्चच्या मध्यापासून उन्हासाठी वर तशीच राहू द्या.