लाइन गेल्यावर टाकीतली हवा

आर्वी-वर्धा रस्त्याला माझं पंक्चरचं दुकान, मागे घर. वावधान सुटलं की लाइन जाते ते जातेच. म्हणून दुकानात ३०० लिटरची हवेची टाकी बसवली. तेव्हापासून दर महिन्याला कोणीतरी विचारते, "भाऊ, याच्यावर घरातले बल्ब नाही लागत का?"

लागतात, पण हिशेब ऐका. २ एचपीचा कंप्रेसर रिकामी टाकी ८ किलो दाबापर्यंत (दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो) भरायला बारा-पंधरा मिनिटं घेतो, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा युनिट. भरताना कंप्रेसरच्या हेडला हात लावून पाहा, चटका बसतो. युनिटातला बराच भाग तिथंच उष्णता होऊन गेला. टाकीत उरते जेमतेम ०.१ युनिट. त्यातही हवेवर फिरणारी मोटर अन् तिनं फिरवलेला, वीज करणारा डायनॅमो आपला वाटा खातात. ९ वॉटचा एक एलईडी दोन-तीन तास चालला तर नशीब समजा. इन्व्हर्टरची १५० एएच बॅटरी कागदावर १.८ युनिट धरते. जर्मनीत हुंटॉर्फला १९७८ पासून हवेवर वीजघर चालते, पण तिथं जमिनीखालच्या मिठाच्या थरात कोरलेल्या पोकळ्या सुमारे ३ लाख घनमीटरच्या. माझ्यासारख्या दहा लाख टाक्या! अन् हवा बाहेर काढताना तिथंही गॅस जाळावाच लागतो.

तर दिव्यासाठी बॅटरी घ्या. टाकीतली हवा हवा म्हणूनच वापरा. ८ किलोवरून ३ किलोपर्यंत उतरेस्तोवर लाइन नसताना मोटरसायकलींच्या ऐंशी-नव्वद चाकांत हवा भरते, फवारणी पंपाचं नोजल साफ होते, ट्रॅक्टरचा एअर फिल्टर झटकता येतो (दाब २ किलोवर आणून, आतून बाहेर).

बसवायची कशी? टाकी हवेच्या दाबासाठीच बनलेली घ्या. जुनं गॅस सिलेंडर, भंगारातली टाकी, काही म्हणजे काही नको. हवेचीच पण वापरलेली टाकी घ्यायचीच तर पाण्यानं १२ किलोपर्यंत तपासून घ्या. पाणी दबत नाही, म्हणून टाकी चिरली तरी पिचकारी उडते, हवेसारखा स्फोट होत नाही. कंप्रेसर अन् टाकीमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा उलटी येऊ न देणारा), वर दाब दाखवणारं गेज, ८ किलोला बंद होणारा प्रेशर स्विच, अन् त्याहून थोड्या जास्त दाबाला आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. टाकी अन् सेफ्टी व्हॉल्व्हच्या मधे कॉक लावू नका; कोणी बंद केला की तो नसल्यातच जमा. पाइप जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा). शेतातला उरलेला पीव्हीसी पाइप फुकट दिसतो, पण हवेच्या दाबानं फुटला की तुकडे सुरीसारखे उडतात. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडा दिसला की टेफ्लॉन टेप परत गुंडाळा, पण दाब सोडूनच.

एक चूक माझी. पहिल्या पावसाळ्यात खालचा ड्रेन कॉक (हवेतलं टाकीत साचलेलं पाणी काढायचा) मी उघडलाच नाही. दसऱ्याला उघडला तर चहासारखं लाल पाणी, बादलीभर. आतून गंज धरला होता. ती टाकी विकायलाही मन झालं नाही, कापून बैलांच्या पाण्याला ठेवली. आता रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी कॉक दोन बोटं फिरवतो, पाणी थांबून कोरडी हवा येईस्तोवर.

अन् पोरांना त्या नळीनं अंगावरची धूळ झटकू देऊ नका. कापूस वेचून आलेले गडीही हेच करतात. डोळ्याला, कानाला हवेचा झोत लागला की दवाखाना लांब आहे.