अल्फा स्पायडर घ्यावी की फियाट 124 स्पायडर? आधी गाडीखाली शिरा

दोन्ही 1966 साली पहिल्यांदा आलेल्या इटालियन गाड्या, दोन्ही उघड्या टपाच्या, दोघींची बॉडी पिनिनफारिना या इटालियन डिझाईन कंपनीची, इंजिन चार सिलेंडरचं पण कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडणारे दांडे) दोन, पाच गियर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. कागदावर बघाल तर जुळ्या बहिणीच. त्यामुळे कुठली भारी यावर वाद घालणाऱ्यांचं मी ऐकणं सोडून दिलंय, समोर जी गाडी उभी आहे तिचा पत्रा किती शिल्लक आहे हे आधी बघायचं, लोगो नंतर.

तरी फरक आहेतच. अल्फाचं इंजिन अख्खं ॲल्युमिनियमचं, कॅम चेनवर फिरतात. फियाटचं ऑरेलिओ लाम्प्रेदी या इंजिनिअरने डिझाईन केलेलं (हो तोच, आधी फेरारीत होता तो), ब्लॉक बीडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा आणि कॅम रबरी टायमिंग बेल्टवर. बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर घेतल्या घेतल्या बदलायचा, मालक कितीही शपथा घेऊ दे, कारण तुटला की व्हॉल्व वाकू शकतात आणि मग हेड उतरवायचा खर्च तुमच्या माथी. अल्फाची दुखणी वेगळी, हेड गॅस्केटला (हेड आणि ब्लॉकमधल्या पट्टीला) तेल झिरपतं आणि गाडी थंड असताना दुसरा गियर कचकन बोलतो. थोडा बोलला तर चालतं, गाडी गरम झाल्यावरही बोलत असेल तर गियरबॉक्सचे पैसे भावातून कापून मागा. तेलाचं झाकण उघडून आतून बोट फिरवा, लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर पाणी तेलात जातंय का ते नीट तपासून घ्या. फार कमी चालवलेल्या गाडीतही असा थर येतो, म्हणून लगेच घाबरायचं नाही.

आता गंज. मी एकदा एक लाल अल्फा बघायला गेलो, वरून आरसाच. फ्रीजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून नेलेलं, दाराला चिकटलं, बॉनेटला चिकटलं आणि दाराखालच्या सिलला लावलं तर टपकन खाली. आत पत्र्याऐवजी नुसती लांबी म्हणजे पुट्टी भरलेली. विकणारा म्हणे थोडं डेंटिंग केलंय! वर टप नाही म्हणजे सगळा भार सिल आणि फ्लोअरवरच असतो, म्हणून गाडी जॅकवर थोडी उचला आणि दार लावून बघा, अडकलं तर निघा तिथून. फियाटमध्ये बॉनेट उघडून पुढचे शॉकॲब्सॉर्बर वर जिथे बसतात तो पत्रा बघा, तिथे सडलेली असेल तर मी फुकटही घेणार नाही.

कुठलं मॉडेल? गोल शेपटीची अल्फा, जिला लोक डुएटो म्हणतात, ती सगळ्यात महाग, 1970 पासून शेपटी कापलेली आली आणि खरं सांगायचं तर चालवायला तीही तितकीच गोड. अमेरिकेतून आलेल्या 1970 च्या दशकातल्या अल्फात स्पिका नावाचं मेकॅनिकल इंजेक्शन असतं, ते समजणारा मेकॅनिक आधी शोधा, गाडी मग. फियाट बऱ्याचशा अमेरिकेतच विकल्या गेल्या, साधारण अल्फापेक्षा स्वस्त मिळतात, पहिल्यांदा जुनी गाडी घेणाऱ्याला मी हीच सांगेन. 1972 ची अबार्थ रॅली, म्हणजे 124 स्पायडरची रॅलीसाठी बनवलेली आवृत्ती, म्हणून कोणी दाखवत असेल तर मात्र हात आवरा, मागचं सस्पेन्शन स्वतंत्र (प्रत्येक चाकाचं वेगळं) आहे का ते खाली वाकून बघा, साध्या 124 ला मागे सरळ ॲक्सल असतो. आणि आपल्याकडची प्रीमियर 118 एनई आठवते का, ती याच 124 च्या सेडानच्या खानदानातली, फक्त इंजिन निसानचं.

शेवटचं एक, बघायला जाताना सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा आणि बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कोल्ड स्टार्ट, म्हणजे थंड इंजिन कसं सुरू होतं ते, लपवलंय, दुसऱ्या दिवशी सकाळी परत येतो म्हणून सांगा.