बँकॉकच्या शाळेत शिकवायला जाताना: कागद, व्हिसा आणि पहिले तीन महिने

थायलंडमध्ये शाळेचं वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं. पहिलं सत्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतं, दुसरं नोव्हेंबर ते मार्च. मेमध्ये वर्गात उभं राहायचं असेल तर कागदपत्रांना आधीच्या डिसेंबरातच हात घाला. वेळ थायलंडमध्ये कमी जातो, इथे जास्त. आणि तिकडे जे अडतं, ते बहुतेक वेळा इथेच बिघडवून नेलेलं असतं.

सगळ्यात मोठी भानगड नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर पदवी माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या. आपल्याकडच्या कारकुनाला हे एका नजरेत कळतं, थाई अधिकाऱ्याच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या बायका. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र पदवीसोबतच साक्षांकित करून घ्या, नंतर पाहू म्हणू नका. दुसरी गोष्ट, तुमचं नाव थाई लिपीत कसं लिहायचं ते एकदाच ठरवा आणि भाषांतरकाराला, शाळेला, बँकेला तेच द्या. ‘कुलकर्णी’ची तीन थाई रूपं तीन कागदांवर उमटली की ती निस्तरायला सुट्ट्या जातात.

पदवीचं मूळ प्रमाणपत्र लागतं. तात्पुरतं प्रमाणपत्र किंवा शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका चालत नाही, आणि विद्यापीठाकडे अर्ज केल्याशिवाय पदवी आपोआप घरी येईलच असं नाही. ती हौसेने लॅमिनेट करून ठेवली असेल तर शिक्का मारायला जागाच उरत नाही, तेव्हा विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढावी लागते. साक्षांकनाचा क्रम असा: आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग थाई दूतावास किंवा मुंबईतला थाई महावाणिज्य दूतावास. मधली पायरी गाळता येत नाही. ‘अपॉस्टील करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला थायलंड सांगितलं की नाही ते बघा. अपॉस्टील म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, दूतावासाशिवाय. थायलंडमध्ये दूतावासाचं साक्षांकन मागतात. विद्यापीठाची सीलबंद ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्र उतारा, दोन प्रतींत काढून ठेवा, एक तरी उघडू नका.

पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवरून, पाचशे रुपये भरून. हा मात्र लवकर काढू नका, जुना झाला की शाळा परत मागते. व्हिसाच्या अर्जाच्या दीडेक महिना आधी पुरतो.

आता नोकरीबद्दल स्पष्ट. थायलंडमधल्या बऱ्याच जाहिरातींत ‘नेटिव्ह स्पीकर’ हवा असतो आणि त्याचा अर्थ ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांचा पासपोर्ट. त्यात भांडण्यात अर्थ नाही, पण पगाराची तफावत आधीच धरून चाला. भारतीयांना चांगली दारं उघडतात ती ‘इंग्लिश प्रोग्रॅम’ असलेल्या शाळांत, गणित किंवा विज्ञान इंग्रजीतून शिकवायला. तिथे बी.एड. असणाऱ्याला भाव मिळतो. इंग्रजीचा पुरावा म्हणून टोइक परीक्षेत ६०० किंवा आयईएलटीएसमध्ये ५.५ गुणांची मागणी असते. निकाल दोन वर्षांचाच धरतात, म्हणून परीक्षा मुलाखतींच्या सुमारासच द्या. १२० तासांचा टेफल, म्हणजे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स मदत करतो, पण बी.एड.ची जागा घेत नाही.

करारात पगाराआधी महिने मोजा. दहा महिन्यांचा करार म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये पगार शून्य, घरभाडं मात्र चालूच. व्हिसा, वर्क परमिट आणि शिक्षक परवान्याचा खर्च कोणाचा, सुटीच्या दिवसांत शाळेत बसायचं का, आठवड्याला किती तास, हे लेखी घ्या. एजन्सीमार्फत गेलात तर करार शाळेशी आहे की एजन्सीशी, तेही. आणि ‘आधी टुरिस्ट म्हणून या, कागद नंतर करू’ म्हणणाऱ्याला नकार द्या, वर्क परमिटशिवाय शिकवणं गुन्हा आहे. बँकॉकच्या नोकरीसाठी नेलेल्या भारतीयांना सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडीला फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबल्याचे प्रकार घडले आहेत. २०२२मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला त्यावर जाहीर सूचना काढावी लागली. विमानतळावरून शाळेऐवजी म्यावाडीसमोरच्या मे सोट या सीमेवरच्या गावाच्या दिशेने गाडी निघाली तर उतरा.

व्हिसा ‘नॉन-इमिग्रंट बी’. अर्ज ऑनलाइन, सोबत शाळेचं पत्र आणि शिक्षण खात्याच्या कार्यालयाचं पत्र. दोन्ही शाळेनेच द्यायची असतात. थायलंडला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट खोटी. उतरल्यावर ९० दिवस मिळतात. त्यात वर्क परमिट आणि मुक्कामाची वाढ, म्हणजे ९० दिवसांपुढे राहण्याची परवानगी, दोन्ही व्हायला हवं. वर्क परमिटला थाई डॉक्टरचा दाखला लागतो: क्षय, कुष्ठरोग, हत्तीरोग, सिफिलिस आणि व्यसन नसल्याचा. क्लिनिकमध्ये अर्ध्या तासात मिळतो. शिक्षक परवाना खुरुसाफा, म्हणजे थायलंडची शिक्षक परिषद देते. तो नसेल तर शाळा तुमच्यासाठी दोन वर्षांची तात्पुरती परवानगी मागते.

घर घेताना दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एका महिन्याचं भाडं आगाऊ, म्हणजे तीन महिन्यांचे पैसे हातात हवेत. पहिला पगार महिनाअखेर येतो, त्यामुळे एकूण चार महिन्यांची तरतूद धरा. विजेचा दर युनिटला किती ते भाडं ठरवण्याआधी विचारा. सरकारी दर चार बाटच्या आसपास असतो, बऱ्याच इमारतींत सात-आठ लावतात आणि एसीच्या घरात तो फरक महिनाअखेर बोचतो. घर शाळेच्या जवळ नसलं तरी चालेल, पण स्काय ट्रेन किंवा मेट्रोच्या जवळ हवं. सकाळी आठला राष्ट्रगीताच्या वेळी झेंड्यासमोर उभं राहावं लागतं आणि बँकॉकच्या ट्रॅफिकला हे माहीत नसतं.

घरमालकाने २४ तासांत तुमची नोंद इमिग्रेशनकडे करायची असते, ‘टीएम ३०’. त्याची पोच नसेल तर तुमचंच पुढचं काम अडतं, म्हणून किल्ली घेतानाच मागा. दर ९० दिवसांनी पत्ता कळवणं वेगळं. तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत, उशीर झाला तर २००० बाट दंड. पहिल्यांदा स्वतः जावं लागतं, मग ऑनलाइन होतं.

ऑक्टोबरची सुटी दिवाळीच्या आसपास येते आणि इथे हमखास चूक होते. रिएंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची परवानगी, न काढता देशाबाहेर गेलात की मुक्कामाची वाढ तिथेच संपते, परत येताना सगळं पहिल्यापासून. एकदाच्या फेरीचं परमिट १००० बाट, अनेक फेऱ्यांचं ३८००.

शाकाहाऱ्यांनी पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरात लिहिलेलं ‘जे’ ओळखायला शिकावं. त्यात मांस, अंडी, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. बाकी कुठेही ‘भाज्या’ म्हटलं तरी माशाचा सॉस पडतो. ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे माशाचा सॉस घालू नका, हे पाठ करा. डाळी-मसाले बँकॉकच्या पाहुरात या भारतीय वस्तीत मिळतात.

वर्गात मुलांच्या डोक्याला हात लावू नका, पाय कोणाकडे रोखू नका. राजघराण्यावर विनोद नको, सोशल मीडियावरही नको: कलम ११२खाली प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं आहेत.

नोकरी सोडताना शेवटच्या दिवसाआधी इमिग्रेशनला जा. मुक्कामाची वाढ त्या नोकरीला बांधलेली असते, काम संपलं की तीही संपते. १९०० बाट भरून सात दिवसांची मुदत मागता येते. न मागता थांबलात तर दिवसाला ५०० बाट दंड.